जुन्या ट्रकच्या मागच्या डिफरन्शियल कव्हरची गळती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुना ट्रक स्वतः सांभाळणाऱ्या वाचकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. मागून बोल्टने बसवलेले कव्हर असलेले हलके ट्रक डोळ्यांसमोर ठेवून उत्तरे लिहिली आहेत. दिलेले आकडे सर्वसाधारण आहेत; आपल्या गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेत वेगळा आकडा असेल, तर तोच प्रमाण मानावा.

१. डिफरन्शियल कव्हर म्हणजे काय, आणि माझ्या ट्रकला ते आहे की नाही हे कसे ओळखावे?

मागच्या ॲक्सलच्या मधोमध जो फुगीर गोळा दिसतो, त्याच्या आत पिनियन (इंजिनाकडून येणारी ताकद आत आणणारा छोटा गिअर), क्राउन व्हील (पिनियन ज्याला फिरवतो ते मोठे दातेरी चाक) आणि डिफरन्शियलचे, म्हणजे वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे, छोटे गिअर तेलात फिरत असतात. अनेक ट्रकांमध्ये हा गोळा मागच्या बाजूने उघडा असतो आणि त्यावर दाबून घडवलेल्या पत्र्याचे किंवा ओतीव धातूचे झाकण बसवलेले असते. गाडीच्या मागे वाकून पाहिल्यावर गोळ्याच्या कडेने बोल्टांची रांग दिसली, तर तेच हे कव्हर. डाना ६० या ॲक्सलच्या कव्हरला १० बोल्ट असतात. काही ॲक्सल तर १२ बोल्ट, १४ बोल्ट अशा नावांनीच ओळखले जातात. गोळ्याची मागची बाजू सलग असेल आणि बोल्ट पुढच्या बाजूला, म्हणजे प्रोपेलर शाफ्टकडे (गिअरबॉक्सकडून ॲक्सलपर्यंत येणाऱ्या लांब दांड्याकडे) असतील, तर तो बॅन्जो पद्धतीचा ॲक्सल आहे आणि त्याची गोष्ट वेगळी आहे. त्यासाठी प्रश्न १५ पाहावा.

२. गोळ्याखाली तेल दिसते, पण ते कव्हरमधूनच येते आहे हे खात्रीने कसे कळेल?

मला वाटते, या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, कारण चुकीच्या जागी केलेली उत्तम दुरुस्तीसुद्धा वाया जाते. तेल नेहमी खाली ओघळते आणि चालत्या गाडीखालचा वारा ते मागे ढकलतो. त्यामुळे पुढच्या बाजूचे पिनियन सील गळत असले, तरी गोळ्याचा तळ ओला होतो आणि थेंब मात्र कव्हरच्या खालच्या कडेवरून पडतो. फिलर प्लगमधून, म्हणजे तेल भरण्याच्या छिद्राच्या बुचातून, झिरपणारे तेलही असेच फसवते. काही जुन्या ॲक्सलना दाबून बसवायचा रबरी फिलर प्लग असतो. तो वर्षानुवर्षे उष्णता खाऊन कडक होतो आणि कडेने पाझरू लागतो. याशिवाय ब्रीदरमधून (ॲक्सलमधली हवा बाहेर सोडणाऱ्या वाटेतून; प्रश्न ५ पाहावा) उसळलेले तेल आणि ॲक्सलच्या नळ्या जेथे मधल्या हाउसिंगला जोडलेल्या असतात त्या जोडांतले पाझरणे, हेही तपासावे.

आधी वास घ्यावा. गिअर ऑइलमध्ये गंधकयुक्त रसायने असल्यामुळे त्याला एक उग्र, हातावरून सहज न जाणारा वास असतो. पातळ, जवळजवळ पारदर्शक आणि रंग सोलणारा द्रव हाती लागला तर तो ब्रेक ऑइल असण्याची शक्यता मोठी आहे. काही ट्रकांमध्ये ब्रेकची नळी या कव्हरजवळूनच जाते. तसे असेल तर ट्रक चालवू नये आणि ब्रेकचे काम आधी करावे.

यानंतर संपूर्ण गोळा, पिनियनच्या तोंडापासून कव्हरच्या तळापर्यंत, ब्रेक क्लीनरने स्वच्छ करून पूर्ण कोरडा करावा आणि कव्हरच्या कडेभोवती टाल्कम पावडरचा हलका थर मारावा. पंधरा-वीस मिनिटे गाडी चालवून तेल तापू द्यावे आणि परत येताच विजेरी घेऊन खाली वाकावे. पावडरीवर जेथे सर्वांत वर काळपट डाग उमटलेला दिसेल, तेथून गळती सुरू होते. खालच्या ओल्या जागा कितीही मोठ्या दिसल्या तरी त्या केवळ वाटेवरच्या आहेत.

३. गळती असताना ट्रक चालवला तर चालेल का?

कड नुसती ओलसर राहत असेल आणि जमिनीवर थेंब पडत नसेल, तर तेलाची पातळी तपासत काही काळ चालवता येतो. थेंब पडू लागले असतील तर काम लांबणीवर टाकू नये. हलक्या ट्रकच्या मागच्या ॲक्सलमध्ये बहुधा दीड ते तीन लिटरच तेल असते. क्राउन व्हील तळातले तेल उचलून पुढे भिरकावते आणि पिनियनच्या बेअरिंगना मुख्यतः तेच मिळते. पातळी उतरली की आधी उपासमार होते ती या बेअरिंगची, आणि मागून येणारी घरघर ऐकू येईपर्यंत त्यांचे नुकसान होऊन गेलेले असते.

४. बोल्ट थोडे आवळले तर गळती थांबणार नाही का?

बोल्ट खरोखर सैल झाले असतील तरच थांबेल. टॉर्क रेंचने एकदा तपासून पाहावे. बोल्ट योग्य ताणावर असूनही तेल येत असेल, तर आणखी आवळल्याने पत्र्याचे कव्हर बोल्टांच्या भोवती आत दबते, दोन बोल्टांमधला भाग बाहेर उचलला जातो आणि गळती वाढते. गळती थांबवण्यासाठी तेलात मिसळायची द्रावणेही येथे उपयोगी नाहीत. ती रबरी सील फुगवण्यासाठी असतात, कव्हर आणि हाउसिंग यांच्या मधे बसवलेल्या, वाळलेल्या कागदी पॅकिंगला त्यांचा काही उपयोग होत नाही.

५. ब्रीदर म्हणजे काय, आणि प्रत्येकाला तो आधी तपासायला का सांगता?

गाडी चालताना ॲक्सलमधले तेल आणि त्यावरची हवा तापून प्रसरण पावते. ही हवा बाहेर जावी म्हणून ॲक्सलच्या नळीवर वरच्या बाजूला टोपीसारखा छोटा ब्रीदर असतो, किंवा तेथून एक रबरी नळी चासीपर्यंत वर नेलेली असते. चिखलाने किंवा गंजाने ही वाट बुजली, की आतला दाब सर्वांत दुबळ्या जागेतून तेल बाहेर ढकलतो. ती जागा कधी पिनियन सील असते, कधी चाकाकडचे सील आणि कधी कव्हरची कड. उलट, तापलेला ॲक्सल पाण्यात बुडून एकदम थंड झाला, तर आतली हवा आकसते आणि त्याच दुबळ्या जागेतून पाणी आत ओढले जाते.

माझ्या स्वतःच्या ट्रकवर मी कव्हरचे पॅकिंग दोन वेळा बदलले होते. दोन्ही वेळा काम मन लावून केले आणि दोन्ही वेळा आठवडाभरात कड पुन्हा ओली झाली. तिसऱ्यांदा कव्हरला हात लावण्यापूर्वी, नुकत्याच चालवलेल्या गाडीचा फिलर प्लग सैल केला, तर सायकलच्या ट्यूबमधून यावा तसा हवेचा फुस्कारा बाहेर आला. ब्रीदरची नळी काढून पाहिली, तेव्हा तिच्या वरच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचे घर बांधलेले होते. वाटाण्याएवढा तो गोळा इतका घट्ट होता की तारेने टोकरून काढावा लागला. नळी मोकळी केल्यावर कव्हर न उघडताच पाझरणे थांबले. तेव्हापासून ब्रीदर तपासल्याशिवाय एकही बोल्ट सैल करू नये, असे मी प्रत्येकाला सांगतो.

तपासणी सोपी आहे. ब्रीदर काढून स्वच्छ पुसावा आणि त्यातून हवा जाते का पाहावे. नळी असेल तर तिच्या वरच्या टोकातून फुंकून ॲक्सलमध्ये अडथळ्याविना हवा जाते का, हे पाहावे. शंका राहिली तर ब्रीदर सरळ बदलावा.

६. कामासाठी काय काय लागेल?

योग्य मापाची सॉकेट आणि रॅचेट, टॉर्क रेंच, रुंद पात्याचा स्क्रॅपर, रबरी हातोडा, पसरट तोंडाचे मोठे भांडे, ब्रेक क्लीनर, न सुटणाऱ्या धाग्यांची फडकी, नवे पॅकिंग किंवा सिलिकॉन, नवे गिअर ऑइल आणि ते भरण्यासाठी हातपंप. सिलिकॉन वापरणार असाल तर ट्रक एक रात्र उभा ठेवता येईल असा दिवस निवडावा. कारण प्रश्न ११ मध्ये दिले आहे.

गाडी सपाट जागी उभी करावी. अनेक ट्रक इतके उंच असतात की चाके जमिनीवर ठेवूनच हे काम होते, आणि तेच सर्वांत सुरक्षित. मागची बाजू उचलावी लागलीच, तर हँडब्रेकवर विसंबू नये: तो बहुतेक ट्रकांमध्ये मागच्याच चाकांना धरतो आणि ती चाके तर हवेत असतात. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत आणि भार जॅकवर न ठेवता भक्कम स्टँडवर घ्यावा.

७. ॲक्सलला तेल सोडण्याचा प्लगच नाही. मग कव्हर कसे उघडावे?

सर्वांत आधी वरचा फिलर प्लग निघतो का, हे पाहावे. हा क्रम उलटा केला आणि तेल सोडून दिल्यावर कळले की प्लग गंजून बसला आहे, तर ट्रक जागेवरच अडकतो. अडलेल्या प्लगवर गंज सोडवणारे तेल मारून काही तास थांबावे, चौकोनी किंवा षटकोनी खोबण असेल तर ती आधी साफ करावी, आणि अगदी घट्ट बसणारे अवजारच वापरावे.

प्लग निघाल्यावर कव्हरला लटकणाऱ्या वस्तू मोकळ्या कराव्यात: ब्रेकच्या नळीची पट्टी, हँडब्रेकच्या केबलचा धारक, आणि अनेकदा एका बोल्टखाली असलेली छोटी धातूची पट्टी. या पट्टीवर गिअरचे प्रमाण आणि काही वेळा विशिष्ट तेलाची सूचना कोरलेली असते. ती हरवू नये आणि पुन्हा त्याच बोल्टखाली लावावी.

भांडे खाली ठेवून सगळे बोल्ट काढावेत, मात्र वरचे दोन बोल्ट तीन-चार आटे धरून राहतील असे ठेवावेत. मग कडेवर रबरी हातोड्याने ठोकावे किंवा खालच्या बाजूने स्क्रॅपरचे पातळ पाते जोडात सरकवावे. कव्हर सुटताच तेल खालून एकदम बाहेर पडते. वरचे दोन बोल्ट धरून असल्यामुळे कव्हर हातावर येत नाही आणि तेल भांड्यातच पडते. स्क्रू-ड्रायव्हर जोडात घुसवून उचकटू नये. त्याने हाउसिंगच्या पृष्ठभागावर जो ओरखडा पडतो, तीच पुढच्या गळतीची वाट होते.

८. आतले तेल आणि चुंबकावरचा चुरा पाहून काय समजावे?

लोखंडी चुरा धरण्यासाठी आत चुंबक असेल तर त्यावर, किंवा कव्हरच्या तळाशी बोटाला मलमासारखा लागणारा करडा लेप दिसणे जुन्या ॲक्सलमध्ये स्वाभाविक आहे. चकाकणारे कपचे, सुईसारखे तुकडे किंवा दात्याचा टवका सापडला, तर बेअरिंग आणि गिअर तपासून घेतल्याशिवाय कव्हर बंद करू नये. दुधाळ तेल म्हणजे पाणी शिरले आहे. अशा वेळी प्रश्न ५ मध्ये सांगितलेला ब्रीदर आणि कव्हर, दोन्ही संशयित असतात.

९. जुने पॅकिंग घट्ट चिकटले आहे. ते ग्राइंडरच्या खरखरीत चकतीने काढले तर?

कृपया काढू नये. त्या चकतीतून सुटणारे कठीण कण उघड्या हाउसिंगमध्ये पडतात, तेलाबरोबर बेअरिंगमध्ये जातात आणि आतून पॉलिश पेपरसारखे काम करतात. शिवाय चकती एका जागी जास्त वेळ राहिली की पृष्ठभागावर न दिसणारा खोलगटपणा येतो. हाउसिंगच्या बाजूला हाताने चालवायचा स्क्रॅपरच वापरावा आणि काम करताना गिअरसमोर स्वच्छ फडके धरावे. फार जुन्या वाहनांच्या मूळ पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. ते ओले करून खरवडावे, कोरडी धूळ उडू देऊ नये आणि तोंडावर त्यासाठी योग्य असा मास्क असावा.

खरवडून झाल्यावर दोन्ही पृष्ठभाग ब्रेक क्लीनरने पुसावेत, आणि पांढऱ्या फडक्यावर डाग येणे थांबेपर्यंत पुसत राहावे. हाउसिंगच्या खालच्या ओठावरून तेलाची बारीक रेघ पुढचा अर्धा तास झिरपत राहते. पॅकिंग लावण्याच्या अगदी आधी ती पुन्हा पुसावी. माझ्या पाहण्यात, फसलेल्या दुरुस्त्यांमध्ये सिलिकॉनच्या दर्जापेक्षा ही तेलाची रेघच जास्त वेळा कारण ठरलेली आहे. फडकी मोजून वापरावीत आणि कव्हर बंद करण्यापूर्वी तितकीच परत मोजावीत.

१०. कव्हर गंजले आहे आणि बोल्टांजवळ दबले आहे. सरळ करावे की बदलावे?

कव्हरची कड जाड काचेवर किंवा सपाट लोखंडी पट्टीवर टेकवून उजेडासमोर धरावी. बोल्टांच्या छिद्रांभोवती उंचवटे दिसले, तर कव्हरची बाहेरची बाजू भक्कम लाकडावर टेकवून आतल्या बाजूने हलक्या हातोडीने ते ठोकून सपाट करता येतात. नंतर काचेवर पॉलिश पेपर पसरून त्यावर कड घासावी, म्हणजे उरलेले उंच भाग लगेच उजळून दिसतात.

गंजाचा प्रश्न निराळा आहे. कव्हरच्या खालच्या पन्हाळीत चिखल साचतो आणि तेथे पत्रा बाहेरून खाल्ला जातो. गंजलेल्या जागी टोकदार सळईने हलके टोचून पाहावे. पत्रा दबला किंवा आरपार भोक पडले, तर ते कव्हर टाकून द्यावे. दोन भाग मिसळून लावायच्या लांबीने (पुट्टीने) असे भोक काही दिवस बुजते, पण उष्णता आणि तेल यांच्यापुढे ते ठिगळ टिकेल असा भरवसा नाही. कव्हर गाडीवर असताना त्यावर वेल्डिंग कधीही करू नये: आत तेल आणि त्याची वाफ असते, आणि वेल्डिंगचा प्रवाह बेअरिंगमधून गेल्यास तीही खराब होतात.

११. पॅकिंग वापरावे की सिलिकॉन? दोन्ही लावले तर अधिक भक्कम होईल ना?

एका वेळी एकच वापरावे. कागदी पॅकिंगच्या दोन्ही बाजूंना सिलिकॉन थापले, तर आवळताना ते वंगणासारखे वागते आणि पॅकिंग बाहेर सरकते. मधे धातूचा पत्रा आणि वर रबराचा थर असलेले पॅकिंग कोरडेच लावायचे असते. कव्हर पुन्हा पुन्हा उघडावे लागणार असेल तर ते सोयीचे. हाउसिंगवर जुने ओरखडे किंवा गंजाचे खड्डे असतील, तर मात्र सिलिकॉन अधिक चांगले, कारण ते खड्ड्यांत भरते. ते गिअर ऑइलला टिकणारे आहे असे वेष्टनावर स्पष्ट लिहिलेले असावे. व्हिनेगरसारखा वास येणारे घरगुती सिलिकॉन वापरू नये. ते सुकताना आम्ल सोडते आणि लोखंड गंजवते.

सिलिकॉनची सलग, सुमारे ३ मिलिमीटर जाडीची रेघ कव्हरच्या कडेवर ओढावी. प्रत्येक बोल्टाच्या छिद्राला ती आतल्या बाजूने वळसा घालून जावी, म्हणजे छिद्रापर्यंत तेल पोहोचणार नाही. जाड रेघ ओढण्याचा मोह टाळावा. जादा माल आत सुटून तेलात फिरतो. त्यावर साय धरण्याआधी, म्हणजे साधारण १० मिनिटांच्या आत, कव्हर सरळ जागेवर टेकवावे आणि टेकवल्यावर सरकवू नये. बोल्ट आधी फक्त हाताने लावावेत, सुमारे तासाभराने पूर्ण ताणावर न्यावेत आणि तेल भरण्यापूर्वी २४ तास थांबावे. वेष्टनावर वेगळी वेळ दिली असेल तर ती पाळावी.

१२. बोल्ट किती आवळावेत?

पत्र्याच्या कव्हरवरील ५/१६ इंची बोल्टांसाठी साधारण २७ ते ३४ न्यूटन-मीटर आणि ३/८ इंची बोल्टांसाठी साधारण ४० ते ४७ न्यूटन-मीटर पुरेसे असतात. समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने घेत, दोन किंवा तीन फेऱ्यांत या आकड्यापर्यंत जावे. ॲल्युमिनियमच्या ओतीव कव्हरला जाडीमुळे लांब बोल्ट लागतात. जुनेच बोल्ट वापरले तर त्यांना पुरेसे आटे मिळत नाहीत.

१३. तेल कोणते भरावे आणि किती?

अशा ॲक्सलमधले हायपॉइड पद्धतीचे गिअर एकमेकांवर घसरत फिरतात, म्हणून त्यांना जीएल-५ (डब्यावर GL-5) दर्जाचे गिअर ऑइल लागते. ८०डब्ल्यू-९० हे जाडीचे माप पुष्कळ जुन्या ट्रकांना चालते, पण अंतिम शब्द पुस्तिकेचा. गाडी सपाट उभी असताना तेल फिलर प्लगच्या छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत भरावे. काही ॲक्सलमध्ये पातळी त्याच्या थोडी खाली ठेवायची असते. जास्त भरलेले तेल ब्रीदरमधून बाहेर येते आणि मग गळती राहिली असा गैरसमज होतो. क्लच-पट्ट्यांचे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एकच चाक मोकळे घसरत फिरू न देणारे) असेल, तर त्यासाठीचे घर्षण-द्रावण मिसळावे लागते, नाहीतर वळणावर मागून कुरकुर आणि झटके येतात. ते आहे की नाही, हे प्रश्न ७ मधल्या पट्टीवरून अनेकदा कळते.

१४. एक बोल्ट तुटला आहे, किंवा त्याचे आटे गेले आहेत. काय करावे?

तुटलेला तुकडा बाहेर डोकावत असेल तर गंज सोडवणारे तेल मारून, तापवून, मागे-पुढे करत काढावा. तापवण्याआधी आतले तेल आणि ब्रेक क्लीनर पूर्ण गेलेले असावेत. तुकडा आतच राहिला असेल तर बरोबर मध्यावर खूण करून भोक पाडावे लागते, आणि त्याचा चुरा हाउसिंगमध्ये जाणार नाही याची काळजी घ्यावी लागते. गेलेल्या आट्यांसाठी तारेच्या गुंडाळीचे नवे आटे बसवता येतात. काही ॲक्सलमध्ये बोल्टांची छिद्रे आरपार असतात आणि आट्यांवरूनच तेल बाहेर येते. तेथे बोल्टांना आटे बुजवणारे सीलंट लावावे. छिद्र बंद तळाचे असेल तर त्यातले तेल आणि कचरा आधी काढावा, नाहीतर बोल्ट तळाला टेकतो, टॉर्क रेंच खटका देतो आणि कव्हर मात्र सैलच राहते.

१५. माझ्या ॲक्सलला मागे बोल्टच नाहीत. मग तेल कोठून येते?

फोर्डचा ९ इंची ॲक्सल, जो १९५७ पासून वापरात आला, याचे ओळखीचे उदाहरण आहे. अशा बॅन्जो ॲक्सलमध्ये गिअरचा संपूर्ण गाभा पुढून बाहेर निघतो आणि मागची बाजू कायमची बंद असते. तेल बहुधा पुढच्या गोल जोडातून किंवा त्याच्या नटांभोवतून येते. तेथील पॅकिंग बदलायचे तर चाकांकडचे ॲक्सल शाफ्ट बाहेर ओढून प्रोपेलर शाफ्ट सोडवावा लागतो आणि तो जड गाभा खाली उतरवावा लागतो. हे काम एकट्याने करू नये. मागच्या बाजूला वेल्डच्या रेषेतून पाझर असेल, तर हाउसिंग रिकामे करून, सुटे करून वेल्ड करावे लागते.

१६. सगळे सांगितल्याप्रमाणे केले, तरी कड पुन्हा ओली झाली. आता कोठे पाहावे?

आधी ही ओल नवीन आहे याची खात्री करावी. दुरुस्तीच्या वेळी ॲक्सलच्या वरच्या खाचांत आणि स्प्रिंगच्या पट्ट्यांत राहिलेले जुने तेल कित्येक दिवस खाली उतरत राहते. म्हणून गोळा पुन्हा धुऊन प्रश्न २ मधली पावडरीची परीक्षा करावी. ती कव्हरकडेच बोट दाखवत असेल, तर ब्रीदर पुन्हा पाहावा आणि तेल जास्त भरले नव्हते ना, हे तपासावे.

दोन्ही ठीक असतील तर कव्हर उघडावेच लागेल, पण या वेळी ते सुटताना सिलिकॉन कसे सुटते याकडे लक्ष द्यावे. एखाद्या जागी ते धातूपासून चिकटपट्टीसारखे अलगद निघाले आणि खाली चमकदार तेलाचा पापुद्रा दिसला, तर तेथे पृष्ठभाग तेलकट राहिला होता. ते आतून मऊ किंवा पाण्यासारखे असेल, तर सुकायला वेळ मिळाला नव्हता. सिलिकॉन सर्वत्र घट्ट चिकटलेले असूनही एकाच बिंदूतून तेल येत होते, तर त्या बिंदूसमोरचे हाउसिंग नखाने चाचपावे. ज्यात नख अडकते असा ओरखडा सिलिकॉनने भरता येतो. केसासारखी तडा दिसली, तर ती ब्रेक क्लीनरने पुसून क्षणभर थांबावे. पुसलेल्या कोरड्या धातूवर तेलाची रेघ पुन्हा वर आली, तर हाउसिंगच फुटलेले आहे आणि ते यंत्रशाळेत दाखवावे लागेल.